ठावं न्हाई

ठोंबरेवाडीत कागद घेऊन आलेल्या माणसाला खरं उत्तर मिळत नाही. ही गावाची खोड नव्हे, शिस्त आहे. चाकणच्या एमआयडीसीला खेटून बसलेली ही वाडी. परका माणूस रिकाम्या हातानं आला तर त्याला पाणी मिळेल, चहा मिळेल, रस्ता चुकला असेल तर कुणीतरी गाडीवर बसवून पार नाक्यापर्यंत सोडून येईल. पण हातात कागद दिसला की संपलं. मग त्यानं कुणाचंही नाव घेऊ दे, अख्ख्या आळीचं एकच उत्तर: "ठावं न्हाई."

आता कुणी म्हणेल, ही कसली माणसं. पण दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. पहिला कागद आला तेव्हा हिंदुराव ठोंबऱ्यांच्या मिशीला काळं लावायची गरज नव्हती. त्या कागदावर त्यांच्या वडिलांनी बांधावरच्या आंब्याखाली बसून अंगठा उठवला आणि शेत गेलं. मोबदला मिळाला, त्यातून हे दुमजली घर उभं राहिलं, हे हिंदुराव कधी नाकारत नाहीत. पण आंबा होता तिथं आता एका कंपनीचं पार्किंग आहे, आणि तिथला वॉचमन हिंदुरावांनाच विचारतो, कोण पाहिजे? त्यानंतर रस्ता रुंद करायचा कागद आला, विजेच्या टॉवरचा आला, गॅसच्या पाइपाचा आला. प्रत्येक कागद जाताना काही ना काही घेऊन गेला. शेवटी घरामागं दोन गुंठे उरले तेव्हा हिंदुरावांनी कानाला खडा लावला. आता सही म्हणून करायची नाही. बँक, लाइट बिल, गॅसचं पुस्तक, सगळं त्यांनी बायकोच्या, कस्तुराबाईंच्या गळ्यात टाकलं. घर तेवढं स्वतःच्या नावावर राहिलं, कारण ते बदलायचं तर त्यालाही सहीच लागत होती.

अशा या वाडीत यून आला.

यून गी-चोल हा कोरियाचा. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे दरवाजे ठोकून काढणारे साचे असतात, त्या साच्यांचा हा उस्ताद. वय पंचावन्नच्या पुढं, बायको वारलेली, मूलबाळ नाही. कंपनीनं त्याला वाकडला उंच इमारतीत फ्लॅट दिला होता. पण वाकड ते चाकण हा प्रवास ज्यानं रोज केला असेल त्यालाच कळेल, की माणूस खेड्यात जाऊन राहायला का तयार होतो. एकदा कंपनीची गाडी वाडीपाशी बंद पडली. यून समोरच्या भैरूच्या टपरीवर चहा प्यायला उतरला आणि चहाचा कप हातात घेऊन चालत चालत थेट हिंदुरावांच्या परसात गेला. तिथं ते दोन गुंठे पडीक पडले होते. हिंदुरावांनी रुसून त्यात काही पेरलंच नव्हतं. यून खाली बसला, मूठभर माती उचलली, नाकाशी नेली, आणि भाजीबाजारात शिकलेला एकच शब्द म्हणाला, "मुळा?"

म्हणजे तो खोली बघायला आलाच नव्हता. वरचा मजला रिकामा आहे हे कस्तुराबाईंनीच त्याला खुणांनी सांगितलं.

वर्षभरात त्या परसात पांढरेशुभ्र मुळे आणि लांबोडका कोबी डोलायला लागला. यून त्यात तिखट-मीठ-लसूण घालून बरणीत मुरवायचा. पहिल्यांदा बरणी उघडली तेव्हा कस्तुराबाई पदर नाकाला लावून अंगणात गेल्या होत्या. आता त्याच बरणीतलं भाकरीबरोबर घेतल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही. त्या त्याला यूनभावजी म्हणतात, हिंदुराव यूनराव म्हणतात. संध्याकाळी कंपनीतून आला की यून ओट्यावर हिंदुरावांशेजारी बसतो. मराठी तो तिथंच शिकला, आणि वाडीतच शिकला म्हणून वाडीचंच शिकला.

एका संध्याकाळी दोघं असे बसले असताना एक कुरियरवाला पाकीट घेऊन आला. टपरीत उभ्या असलेल्या भैरूलाच त्यानं विचारलं, "भैरू ठोंबरे कुठं राहतात?" भैरू चहा गाळता गाळता शांतपणे म्हणाला, "भैरू? ठावं न्हाई." कुरियरवाला गेला. यूनचं तोंड उघडंच राहिलं. हिंदुरावांनी त्याच्या मांडीवर थाप मारली आणि समजावलं, "यूनराव, हातात कागद दिसला की आपलं तोंड बंद. इचारलंच तर ठावं न्हाई. ध्यानात ठेवा." यूननं मान डोलावली. तो शिस्तीच्या देशातला माणूस. शिस्त शिकवली की ती पाळायची, एवढंच त्याला ठाऊक.

यूनच्या व्हिसाची मुदत संपत आली, तेव्हा खरं घोडं अडलं.

कंपनीच्या ऑफिसात सायली नावाची मुलगी परदेशी लोकांची कागदपत्रं सांभाळायची. दिघीची पोरगी, बोलायला फटकळ, कामाला वाघ. ती स्कूटरवरून वाडीत आली आणि हिंदुरावांना म्हणाली, "काका, यून सरांचा व्हिसा वाढवायचाय. त्यांनी घर बदललंय, ते सरकारला कळवावं लागतं. घरमालकानंही कळवायचं असतं, परदेशी माणूस माझ्याकडे राहतो म्हणून. तुमची सही हवी. भाडेकराराचंही राहिलंय."

"बघू," हिंदुराव म्हणाले.

"काका, तुम्ही गेल्या वेळीही बघूच म्हणालात."

"मग बघतोयच की."

सायलीनं कपाळावर हात मारला. जे कागद हातात होते त्यांच्यावर तिनं अर्ज भरला, मालकाची सही मागाहून देतो असं लिहिलं, आणि पत्त्याची चौकशी होईल तेव्हा तरी नीट बोला, एवढं बजावून गेली. हिंदुरावांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

चौकशीला आलेला हवालदार साध्या कपड्यात होता. नागसेन त्याचं नाव, पण ते नंतर कळलं. हिंदुराव ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यानं मोटरसायकल लावली, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि विचारलं, "यून गी-चोल नावाचे कोरियन गृहस्थ इथंच राहतात ना?"

आता खरं सांगायचं तर हिंदुरावांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. मनात काही यायच्या आतच जिभेनं काम उरकलं होतं. "ठावं न्हाई."

हवालदारानं वर बघितलं. गच्चीच्या दोरीवर कंपनीचा निळा शर्ट वाळत होता, छातीवर कोरियन अक्षरं. "हा कुणाचा?"

"माझाच," हिंदुराव म्हणाले. एकदा नाही म्हटलं की माणसाला पुढचं खोटं आपोआप सुचतं.

समोर भैरूला विचारलं, तो नाही म्हणाला. शेजारच्या दोन घरांत विचारलं, तीही नाही म्हणाली. कुणी कुणाला डोळा मारला नाही की खूण केली नाही. हवालदारानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. हिंदुरावांनी शेंगा सोलून संपवल्या. बला टळली म्हणून ते त्या दिवशी जरा खुशीतच होते.

पुढच्याच आठवड्यात सायली आली. यून नुकताच कामावरून आला होता, कस्तुराबाई चहा आणत होत्या. सायलीनं मोबाइलवरून वाचून दाखवलं, "सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असे घरमालक व शेजाऱ्यांनी सांगितले." मग ती म्हणाली, "अर्ज फेटाळलाय. महिनाअखेरीच्या आत सरांना देश सोडावा लागेल."

कस्तुराबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात लग्नापासूनचा सगळा हिशोब होता.

यूनला मराठी येत होतं, पण असलं सरकारी मराठी त्याला जड जायचं. त्यानं सायलीला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग हिंदुरावांकडं वळून, अजिबात न रागावता, त्यानं विचारलं, "मी इथं नाही राहत?"

हिंदुरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. असली लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भैरूच्या टपरीवर सभाच भरली. वाडीत कुणाच्या घरचं दुःख त्याच्या एकट्याचं राहत नाही, आणि सल्ला तर फुकटच असतो. सायलीही होती, कारण तिला हिंदुरावांची सही काढायची होती आणि ती आज हलणार नव्हती.

"दुसरा काय मार्ग?" भैरूनं विचारलं.

"कोरियाला परत जायचं, तिथून नवा व्हिसा काढायचा," सायली म्हणाली. "पण तेवढे दिवस कंपनी थांबायची नाही. त्यांच्या जागी तरुण माणूस पाठवतील. सर गेले तर गेलेच."

"इथल्या इथं दुसरा कसला व्हिसा?"

"नोकरीचा व्हिसा असा बदलून मिळत नाही. फार तर इथल्या बाईशी लग्न केलं तर."

कस्तुराबाई लगेच सरसावून बसल्या. त्यांच्या माहेरच्या नात्यात एक विधवा शिक्षिका होती, स्वभावानं गरीब, हाताला चव. त्यांनी तिचं गाव सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात यून म्हणाला, "नको. एकदा झालं." त्यानं ते इतक्या साधेपणानं म्हटलं की कस्तुराबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

"कायमचं राहायचं काही नसतं का?" कुणीतरी विचारलं.

"असतं. कोट्यवधी रुपये इथं गुंतवणाऱ्यांना."

"यूनरावांनी मुळ्यात गुंतवलेत की," भैरू म्हणाला.

"दत्तक घेऊ," हिंदुराव एकदम म्हणाले. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. हिंदुराव चौसष्टचे, यून छप्पन्नचा. सायलीनं डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"काका," ती म्हणाली, "दत्तक नको, लग्न नको. तुम्ही चौकीत जाऊन खरं सांगा आणि एक सही करा. तेवढं केलंत तर फेरचौकशी होईल. तेवढंच हवंय."

हिंदुराव उठले आणि घरी गेले. माणूस आठ वर्षांनी लहान असलेल्याला दत्तक घ्यायला तयार होतो आणि सही करायला तयार होत नाही, याला काय म्हणावं!

पण संध्याकाळी ते परसात गेले तेव्हा यून वाफ्यात बसून मुळे उपटत होता. अजून बोटाएवढेच होते ते. शेजारी टोपली होती, आणि ती मोठी मातीची बरणी धुऊन उपडी घातलेली.

"अजून कवळे हायेत," हिंदुराव म्हणाले. "कशापायी काढताय?"

"महिनाअखेर मी नाही," यून म्हणाला. "वहिनी एकटी. मुळा मोठा होणार, कोण काढणार? बरणी वहिनीला दिली."

हिंदुराव त्याच्याशेजारी खाली बसले. बसले म्हणजे फतकल मारून, धोतराची पर्वा न करता. या मातीत ते कित्येक वर्षांनी बसले होते. त्यांनी यूनच्या हातातला मुळा घेतला आणि परत मातीत खोचायला लागले, आणि असा मुळा परत लागत नाही हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला नको. त्यांचे डोळे भरून आले होते.

मागच्या दारात कस्तुराबाई उभ्या होत्या. "आंबा गेला त्यो सही केल्यानं," त्या म्हणाल्या. "ह्यो माणूस जाईल त्यो न केल्यानं. आता काय ते तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव चौकीत हजर झाले. नागसेन हवालदारानं त्यांना लगेच ओळखलं. "या. निळा शर्ट तुमचाच ना?"

"साहेब, म्या खोटं बोललो."

"का?"

हिंदुरावांनी सांगितलं. आंब्याचं सांगितलं, वडिलांच्या अंगठ्याचं सांगितलं, टॉवरचं, पाइपाचं. "आमच्याकडं कागद आला की कायतरी जातं, साहेब. मला वाटलं, ह्यो बी कायतरी न्यायलाच आला."

नागसेन राजगुरुनगरचा. अशा वाड्या त्यानं लहानपणापासून बघितल्या होत्या, त्यामुळं तो ओरडला नाही. पण मवाळही झाला नाही. "फेरचौकशीचं पत्र तुमच्या त्या सायलीबाईंनी कालच टाकलंय. शुक्रवारी येतो मी. घरमालकाचा जबाब आणि सही, माणूस समोर. पण काका, या वेळी मला तिथं 'ठावं न्हाई' ऐकू आलं, तर मी तसंच लिहिणार आणि परत येणार नाही. सांगून ठेवतो."

हिंदुरावांनी वाडीत दारोदार फिरून सगळ्यांना पढवलं. भैरूला तर रोज तालीम. "यून साहेब कुठं राहतात?" "ठा..." "भैरू!" "व्हय, हाय. इथंच राहतात." लेकराला पाढे पाठ करायला लावावेत तसं. गुरुवारपर्यंत अख्खी आळी तयार झाली. शेवटच्या घरातली ठार बहिरी म्हातारीसुद्धा, कुणी ओठ हलवले की "व्हय, हाय" म्हणायला लागली.

फक्त एक माणूस पढवायचा राहिला. पण त्याला पढवायचं कशाला? ज्याची चौकशी तोच तर तो.

गुरुवारी चाकणच्या कंपन्यांना सुट्टी असते. नागसेन हुशार. त्यानं विचार केला, शुक्रवारी तो माणूस कामावर असणार, त्यापेक्षा आजच जाऊन यावं. या खेपेला तो खाकीत आला. आळीत शुकशुकाट होता. भैरू टपरीला कुलूप लावून माल आणायला चाकणला गेला होता, कस्तुराबाई दळण घेऊन गिरणीत. हिंदुराव आत मोरीत दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला साबण. नागसेन घराला वळसा घालून परसात गेला. वाफ्यात कुणीतरी ओणवा होऊन पाणी देत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला हिंदुरावांचा जुना टॉवेल गुंडाळलेला, पाठ दाराकडं.

"ओ मामा," नागसेननं हाक मारली. "ते कोरियाचे साहेब इथंच राहतात का?"

ओणव्या माणसानं काखेतून मागं बघितलं. त्याला आधी खाकी दिसली, मग हातातला कागद दिसला. मान पुन्हा खाली घालून तो, ठोंबरेवाडीत सात पिढ्या गेल्यासारख्या आवाजात, म्हणाला,

"ठावं न्हाई."

मोरीत हिंदुरावांच्या हातातून वस्तरा पडला.

बाहेर नागसेन "धन्य आहे" एवढंच म्हणाला आणि मोटरसायकलकडं चालू लागला. त्यानं किक मारली. तेवढ्यात दारातून हिंदुराव बाहेर पडले, बनियनवर, अनवाणी, एका गालावर फेस. मोटरसायकल आळीच्या वळणाला लागली आणि हिंदुराव तिच्यामागं धावायला लागले. आयुष्यभर कागद बघून पळणारा हा माणूस आज कागदामागं पळत होता, आणि चौसष्टाव्या वर्षी बरा पळत होता. "साहेब," ते ओरडत होते, "ओ साहेब, त्यो कागद द्या इकडं. सही करतो मी. सही करतो."

बहिऱ्या म्हातारीच्या दारापाशी नागसेननं गाडी थांबवली. म्हातारीनं दोघांचे ओठ हलताना बघितले आणि "व्हय, हाय" म्हणाली.

हिंदुरावांना बोलायला दम नव्हता. त्यांनी नागसेनच्या हातातला कागद ओढून घेतला, पेन मागितलं आणि गाडीच्या टाकीवर ठेवून सही केली. कुठं करायची तेही विचारलं नाही. अक्षरं वेडीवाकडी आली, कारण सवय मोडली होती. कागदावर साबणाचा एक थेंब पडला, तो त्यांनी बोटानं हळूच पुसला.

"काका, जबाब लिहायच्या आधीच सही केलीत," नागसेन म्हणाला.

"तुमी काय बी लिवा वर. फकस्त त्यो इथं राहतो एवढं लिवा."

दोघं परत परसात आले. यून डोक्याचा टॉवेल खांद्यावर टाकून, हातपाय धुऊन उभा होता. काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं होतं. नागसेननं कागदावरचा फोटो बघितला, मग माणूस बघितला.

"तुम्हीच ना यून गी-चोल? मग ठावं न्हाई का म्हणालात?"

यूननं हिंदुरावांकडं बघितलं, मग प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमच्या हातात कागद होता."

नागसेननं इतका वेळ हसू आवरून धरलं होतं, तो आता हसायला लागला. हसत हसतच तो उंबऱ्यावर बसला. "मला या चौकीत येऊन किती वर्षं झाली," तो म्हणाला, "अजून लोक मला बाहेरचा म्हणतात. आणि हे बघा." त्यानं मांडीवर पॅड घेतलं, हिंदुरावांना विचारून विचारून जबाब लिहिला, त्यांची सही या वेळी योग्य जागी घेतली, आणि शेवटी स्वतःचा शेरा लिहून मोठ्यानं वाचला, "समक्ष भेट दिली. सदर इसम येथेच राहतो."

यून पुढं आला. "परत वाचा," तो म्हणाला.

नागसेननं परत वाचलं, या वेळी सावकाश. "सदर इसम येथेच राहतो."

यूननं ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले, जसे तो वाडीतले सगळे नवे शब्द म्हणून बघायचा. मग तो हिंदुरावांजवळ येऊन उभा राहिला. मिठी वगैरे मारायची त्याची रीत नव्हती आणि हिंदुरावांचीही नव्हती. त्यानं नुसता खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हिंदुरावांच्या गालावरचा वाळलेला फेस पुसला.

हवालदाराला जाताना पिशवीभर कोवळे मुळे मिळाले. कागद त्याच्याबरोबर गेला आणि वाडीतलं बाकी सगळं जिथल्या तिथं राहिलं. हिंदुराव उरलेली दाढी करायला आत गेले.